बाबांच्या बुटावरचा माझा पाय

कास्तेलफिदार्दो, ३ ऑक्टोबर १९८४

दादा,

हे पत्र मी आपण होऊन लिहीत नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या मालकांनी, जिस्मोंदींनी, लिहायला लावलंय. "लोरेत्ता, तुझा भाऊ कोलोनला वाद्यांच्या दुकानात आहे ना? विचार त्याला, जर्मन पोरं काय विकत घेतात." मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. ते म्हणाले, "बोलू नकोस, नुसतं विचार." तर विचारते.

प्रश्न असा आहे. कारखान्यात दोन सिंथेसायझरचे आराखडे तयार आहेत आणि पुढल्या वर्षी त्यातला एकच बनणार. एक आपला नेहमीचा, ॲनालॉग, चाळीस गोल बटणं असलेला, तापला की गाणारा. दुसरा डिजिटल. त्याचं पोट जपानहून येईल, आपण नुसती पेटी आणि पट्ट्या लावायच्या. बटणं जवळजवळ नाहीतच, एक छोटी खिडकी आहे आणि तिच्यात आकडे येतात. बाबा त्याला "बेसूर होता न येणारं कॅल्क्युलेटर" म्हणतात. दीना मावशी म्हणते, बेसूर होत नाही हा काय दोष झाला का, माझा नवरा असा असता तर मी देवाला मेणबत्ती लावली असती. ती अजून सोल्डरिंगलाच आहे आणि अजून आपल्या समोरच राहते.

तुमच्याकडे काय खपतं ते लिही. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

बाबा बरे आहेत. यंत्रांचे सूर जुळवतात त्या सूर-खोलीचे मुख्य अजून तेच. मीही तिथेच, त्यांच्या शेजारी बसून वहीत नोंदी करते. आईच्या कबरीवर दगड बसवला, पाच वर्षं झाली त्यालाही. तू विचारलं नाहीस, मीच सांगते.

लोरेत्ता


२१ ऑक्टोबर

दादा,

चार पानांचं पत्र! अकरा वर्षं गप्प बसून साठवलं होतंस वाटतं. मालकांनी त्यातलं पहिलंच पान वाचलं, त्यात तू लिहिलंयस की पोरं त्या डिजिटलच्या घंटेच्या आवाजासाठी दुकानाबाहेर रांग लावतात. ते ऐकून जिस्मोंदींनी दुपारी जेवणच टाकलं. तीन पानं मी ठेवून घेतली.

तू विचारलंयस, "बाबांचे कान कसे आहेत?" एवढंच. बाकी इकडचं तिकडचं, हवा, भाडं, आणि मध्येच हे एक वाक्य. म्हणजे तुला माहीत होतं.

दादा, तुला माहीत होतं!

मला वाटायचं, तू गेल्याच्या धक्क्याने गेले त्यांचे कान. मी एकोणीस वर्षांची होते. तू रविवारी पळालास आणि सोमवारी बाबा म्हणाले, "चल, वही घेऊन बस." मी बसले. ते दोन सुरांपैकी एकाचा स्क्रू फिरवत होते आणि सूर वर-वर चालला होता, जायला हवं होतं त्याच्या पार पलीकडे, आणि ते शांतपणे फिरवतच होते. मला राहवलं नाही. लहानपणी प्रार्थनेत आपण चुळबुळ केली की ते बुटावर बूट दाबायचे, आठवतं? तसाच मी पाय दाबला. ते थांबले. स्क्रू उलटा फिरवायला लागले. सूर जुळला, मी परत दाबला. ते म्हणाले, "लिही, पहिला झाला."

बस. त्या दिवसापासून आजपर्यंत एवढंच. पाय दाबला म्हणजे "हो, हेच." नाही दाबला म्हणजे "नाही." अकरा वर्षांत आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललेलो नाही. डावा कान तर केव्हाच गेलाय, उजव्यात खालचं थोडं येतं, वरचं काहीच नाही. समोरचा माणूस बोलला की त्याच्या ओठांकडे बघतात आणि पाठमोरा बोलला की खोकतात. लोकांना वाटतं ओरेस्ते फार विचारी झालाय.

एका यंत्रात सोळा सूर. तापायला अर्धा तास. कोणी दार उघडलं की गार वारा येतो आणि सगळे सूर उतरतात, मग पहिल्यापासून. मालकांनी सूर मोजायचं यंत्र आणलं होतं, बाबांनी त्याच्यावर आपली टोपी ठेवली ती ठेवलीच. आणि मालकांनाही ते नकोच, कारण मोजून जुळवलेले सूर एकदम सरळ येतात. आपल्या यंत्रांना मागणी आहे ती "ओरेस्तेच्या केसा"साठी. अकॉर्डियनच्या दोन पोलादी पत्त्या बाबा जशा केसभर वेगळ्या ठेवायचे, सूर हलका हेलकावा घ्यावा म्हणून, तसंच ते इथेही करतात. दर जुळवणाऱ्याचा केस वेगळा, हे तुला मी काय सांगू. दुकानदार ऐकून म्हणतात, हा ओरेस्तेचा. तो अकरा वर्षं माझा आहे, दादा. माझ्या पायाचा आहे.

तू होतास तेव्हा तुझा होता ना? म्हणून पळालास ना? मग मला निदान सांगून तरी जायचंस.

लो.


११ नोव्हेंबर, सान मार्तिनोचा सण

दादा,

आज नवी वाइन उघडली, दीना मावशीने चेस्टनट भाजले. बाबा खुशीत होते. मी तुझं पत्र एप्रनच्या खिशात घेऊन फिरत होते.

"तुला सांगितलं असतं तर तूही पळाली असतीस, मग त्यांचं काय झालं असतं?" वा रे शहाण्या! म्हणजे घरातून दोघांपैकी एकालाच निघता येणार होतं आणि तू आधी दार गाठलंस. खरं बोललास म्हणून बरं वाटलं, की राग आला, माझं मलाच कळत नाही. चेस्टनट मात्र तुझ्या वाटणीचे मी खाल्ले.

आता माझं ऐक. जपानी यंत्र आलंय. मालकांनी माझ्या हवाली केलं, म्हणाले, "तू वाचणारी आहेस, बघ काय करतं." पंधरा दिवस कामाच्या वेळेनंतर मी ते घेऊन बसतेय. सुरू केलं की त्याच क्षणी सुरात. दार उघडा, खिडकी उघडा, बर्फात ठेवा, हलत नाही. एक आवाज बनवून साठवला की उद्या तोच, परवा तोच, दहा वर्षांनी तोच. पहिल्या दिवशी मी ते चालू केलं, सूर वाजवला आणि सवयीने पाय पुढे केला. शेजारी कोणी नव्हतं. मला इतकं हसू आलं की दीना मावशी बघायला आली.

कुठला आवाज आवडतो विचारशील तर आपला. काय करू, लहानपणापासून तोच कानात आहे. आपलं यंत्र तापत जातं तसा त्याचा आवाज मऊ होतो, ते मला आईच्या बोलण्यासारखं वाटतं, तीही सकाळची पहिली कॉफी होईपर्यंत नीट बोलायची नाही. जपानी आवाज स्वच्छ आहे. फार स्वच्छ.

पण हे यंत्र आलं तर सूर-खोलीच राहत नाही. जुळवायलाच काही नाही! बाबांचं वय झालंच आहे, पेन्शन मिळेल, मानाने घरी बसतील, कोणाला काही कळणार नाही. आणि मी मोकळी. मिलानच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओतून मला बोलावणं आहे. सप्टेंबरात इथे त्यांचा माणूस आला होता, मी त्याच्यासमोर एका यंत्राचे सूर जुळवले, बाबा त्या दिवशी दंतवैद्याकडे गेले होते. एकटीने अर्ध्या वेळात केले. तो म्हणाला, आमच्याकडे जुनी-नवी दोन्ही यंत्रं आहेत आणि त्यांना सांभाळणारं कोणी नाही, सात जानेवारीला रुजू व्हा. मी म्हटलं, कळवते. अजून कळवलेलं नाही. कोणाला सांगितलेलंही नाही, तुला पहिल्यांदा सांगतेय.

आणि ॲनालॉगच ठरलं, तर नवं यंत्र म्हणजे अजून दहा वर्षं. मी चाळीस वर्षांची होईन, दादा, आणि पाय तिथेच असेल.

लोरेत्ता


२ डिसेंबर

दादा,

ठरलं. म्हणजे कसं ठरवायचं ते ठरलं.

नऊ तारखेला, रविवारी. बोलोन्या आणि नापोलीचे मोठे दुकानदार त्या दिवशी बायकांना घेऊन लोरेतोच्या उत्सवाला येतातच, तेव्हा मालकांनी म्हटलं, धंदा आणि देव एकाच खेपेत उरकू. चर्चमध्ये मिस्सा होईल, जेवण होईल, मग कारखान्यात पडदा लावायचा. पडद्यामागे दोन्ही यंत्रं. गिऱ्हाइकांना यंत्रं वाजवून दाखवणारा आमचा निकोलिनो तीनदा वाजवणार, दर वेळी कुठलं वाजवायचं ते त्याला मालक चिठ्ठीवर देणार. पडद्याच्या अलीकडे बाबा. दर वेळी मालक विचारणार, "ओरेस्ते, हे आपलं का?"

जिस्मोंदींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मार्के प्रांतात याच्यासारखा कान नाही. याने तीनही वेळा बरोबर ओळखलं तर आपलं यंत्र बनेल. यालाच फरक कळला नाही तर गिऱ्हाईकाला काय डोंबल कळणार? मग जपानी."

बाबा ओठ वाचत होते. सगळं कळलं त्यांना. मान हलवून म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच ना?" आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "लोरेत्ता वही घेऊन बसेल शेजारी, नेहमीसारखी."

नेहमीसारखी.

वर आणखी गंमत ऐक. जपानी यंत्रावर आपल्या आवाजाच्या जास्तीत जास्त जवळ जाणारा आवाज बनवायचं काम मलाच दिलंय. बनवला. जमेना जमेना, मग मी दोन सुरांत बाबांचा केस घातला, आकड्यांत मोजून. आणि बसला की रे! मलासुद्धा डोळे मिटून नीट ऐकावं लागतं. कळतं मला, पण ऐकावं लागतं.

मागच्या पत्रात, या परीक्षेचं माहीत नसताना, तू लिहिलंयस, "फार विचार करू नकोस, जुळवताना एकदा उलटा पाय दे, मालक आपणच जपानी घेतील." टपालाने सल्ला पाठवणं फार सोपं असतं, नाही का? त्यांच्या तोंडाकडे बघत तुला द्यायचा नाहीये पाय. तुझं पत्र मी चुलीत घातलं आणि त्यातलं ते एक वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

समोरच्या टेकडीवर पोरं आत्तापासून होळीसाठी लाकडं रचतायत. माहीत आहे ना, देवदूतांनी मरियामाईचं घर उचलून इथे आणलं, त्यांना वाट दिसावी म्हणून आपण जाळ करतो. अख्खं घर, भिंतींसकट, समुद्र ओलांडून उडत आलं. आणि मला ओसिमोच्या स्टेशनापर्यंत जायला होत नाही.

लो.


१० डिसेंबर

दादा,

कळव म्हणाला होतास, कळवते. जपानी यंत्र ठरलं. बाबांना फरक ओळखता आला नाही. तीनही वेळा चुकले. वय झालंय त्यांचं. मालक फार चांगले वागले, सगळ्यांसमोर त्यांना मिठी मारली. दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. नंतर संध्याकाळी होळ्या पेटल्या, कोनेरोच्या डोंगरापर्यंत जाळच जाळ दिसत होते. हवा छान होती.

वरचं खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे, म्हणजे मी कशी खोटं बोलते ते तुलाही दिसेल.

ऐक. निकोलिनोने पहिल्यांदा वाजवलं, आपलं होतं. पहिल्या सुरालाच कळलं मला, त्याला थोडी थंडी वाजत होती, पुरतं तापलं नव्हतं. मालकांनी विचारलं, "ओरेस्ते, हे आपलं का?" बाबा माझ्याकडे बघत नाहीत अशा वेळी, समोर बघतात. त्यांचा बूट माझ्या बुटाशेजारी होता, रविवारचा, पॉलिश केलेला. मी पाय दाबला नाही.

ते थांबले. फार वेळ थांबले असं मला वाटलं. मग म्हणाले, "नाही. हे त्यांचं."

दुसऱ्यांदा जपानी वाजलं. मी पाय दाबला. ते म्हणाले, "हे आपलं. हा माझा केस, ओळखत नाही होय मी?" लोक हसले, कौतुकाने. तिसऱ्यांदा परत आपलं. मी पाय उचलून खुर्चीखाली घेतला, म्हणजे चुकूनही लागू नये. बाबा म्हणाले, "त्यांचं."

मग मालकांनी पडदा काढला.

दादा, त्यांचा चेहरा बघायची माझी छाती झाली नाही. मी वहीत बघत होते. वहीत मी तीन ओळी लिहिल्या होत्या, आपलं, त्यांचं, आपलं. खऱ्या. पान फाडून गिळावं असं वाटत होतं.

नंतर कॉफीच्या वेळी दीना मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काय गं, तीनही चुकवायलासुद्धा कान लागतो. ज्याला कळत नाही त्याचं एखादं तरी चुकून बरोबर येतं." आणि बिस्किट बुडवून खाल्लं तिने. मी कप न पिताच ट्रेमध्ये ठेवून दिला.

मालकांच्या हे डोक्यात आलं नाही. दुकानदारांच्याही नाही. अकॉर्डियन करणारं अख्खं गाव तिथे होतं, बेरीज-वजाबाकी कोणालाही सुचली नाही. तीन चुका झाल्या म्हणजे म्हातारा बहकला, एवढंच सगळ्यांनी पाहिलं.

मी केलं ते केलं. तुझ्या सांगण्यावरून नाही केलं, असलं पुण्य स्वतःकडे घेऊ नकोस.

लोरेत्ता


१८ डिसेंबर

दादा,

मागच्या पत्रात होळीच्या अलीकडेच थांबले होते. पुढचं लिहवेना.

होळीजवळ बाबा आणि मी बाजूला उभे होतो. त्यांना कोणी काही बोलू नये म्हणून मी मध्ये उभी. जाळाचा आवाज बराच होता, तेव्हा बोलणारे तेच. मी काही बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं.

म्हणाले, "टेबलावर हात होता माझा."

मी बघितलं त्यांच्याकडे.

"स्पीकर त्याच टेबलावर ठेवला होता गाढवांनी. निकोलिनोचा डावा हात खालच्या पट्टीत होता. खालचा सूर लाकडातून येतो तळव्यात. चाळीस वर्षं पत्त्या घासल्यात मी, हाताला काय कान नसतात?" मग म्हणाले, "केस दोन्हींत होता. तू घातलास तो, छान घातलास. पण त्यांचा हेलकावा घड्याळासारखा चालतो. आपला जरा दमतो, थांबतो, परत निघतो. पहिल्या वेळी कळलं मला. तुझा पाय आला नाही. मला वाटलं, पोरगी चुकली, तरी सवयीने तुझ्या पायाचंच ऐकलं."

मी तोंडावर रुमाल धरला होता, धुराच्या निमित्ताने.

"दुसऱ्या वेळी पाय आला. तेव्हा कळलं, चुकली नाहीये."

एक ओंडका बुटाने जाळात ढकलला त्यांनी. पोरं उड्या मारत होती. मग म्हणाले, "सेत्तिमिओने विचारलं असतं तर त्यालाही सोडलं असतं मी. त्याने विचारलंच नाही. मीही म्हटलं, विचारेल तेव्हा बघू."

दादा, तुझं नाव अकरा वर्षांनी त्यांच्या तोंडून ऐकलं मी.

त्यांनी स्वतःहून मान खाली घातली, सगळ्या गावासमोर. चाळीस वर्षांचं नाव माझ्या एका पायाखाली ठेवलं आणि म्हणाले, दे दाब. तुझ्या वेळी नुसतं दार बंद होतं. माझ्या वेळी त्यांनी उघडून धरलंय आणि आता माझ्याच्याने पाऊल उचलवत नाही. कशी जाऊ सांग! आधी जायचं म्हटलं तर ते आडवे येत होते, तेव्हा त्यांना सोडून जाण्याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं. आता ते सकाळी उठून स्वतःची कॉफी स्वतः करतात, भांडं उतू जातं, त्याचा फसफस आवाज त्यांना येत नाही, आणि मी दारात उभी राहून बघते. या महिनाअखेरीला सूर-खोलीला कुलूप. मालकांनी त्यांना एक पितळी पाटी दिली नाव कोरून. ती त्यांनी उलटी करून तिच्यावर कांदा कापला.

मिलानला मी अजून कळवलेलं नाही. त्यांचं दुसरं पत्र आलंय. पाच तारखेपर्यंत वाट बघतो म्हणालेत.

आणि हेही सांगते. त्या दिवसापासून आम्ही दोघं परत तसेच गप्प. जेवताना माझा पाय टेबलाखाली त्यांच्या पायापासून लांब ठेवते. तेही ठेवतात.

लो.


६ जानेवारी १९८५

दादा,

बर्फ पडलंय, गुडघाभर. हे पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने लिहितेय, टपाल नेणारी बस बंद व्हायच्या आत डब्यात टाकायचंय.

पाच तारीख काल होती. सकाळी मी ठरवलं, विचारायचं. तू विचारलं नाहीस, मी विचारलं नाही, त्यांनी वाट बघितली, आणि या सगळ्यात आपल्या घराची अकरा वर्षं गेली. बाबा अंगणात फावड्याने बर्फ ओढत होते, पाठमोरे. मी दारातून म्हटलं, "बाबा, मी जाऊ का?"

काही नाही. फावडं चालूच.

मोठ्याने म्हटलं. "बाबा, मी जाऊ का?"

ते खोकले! म्हणजे कोणीतरी बोललं एवढं कळलं होतं, काय ते नाही. आणि दादा, मला कसला राग आला म्हणून सांगू. अकरा वर्षं हळू बोलले, पायाने बोलले, लोकांना कळू नये म्हणून त्यांच्या तोंडासमोर जाऊन बोलले. मी होती नव्हती तेवढी हवा छातीत भरली आणि ओरडले, "बाबा! मी मिलानला जाऊ का?"

गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. पाववाला दारात आला. वरच्या घरातलं पोर रडायला लागलं. आणि दीना मावशी समोरच्या खिडकीतून, डोक्यात कर्लर, "जा की गं बाई एकदाची! सगळ्या गावाला ऐकू आलं, तेवढं त्याला सोडून!"

मेले मी. एवढी वर्षं लपवलेलं एका वाक्यात गल्लीत पसरलं. आता कारखान्यात, चर्चमध्ये, सगळीकडे कळणार, ओरेस्ते बहिरा आहे.

बाबा वळले. फावड्यावर रेलून माझ्याकडे बघितलं, मग खिडक्यांकडे, मग परत माझ्याकडे. म्हणाले, "हळू बोल की. बहिरा नाहीये मी."

आणि हसले, दादा. आईच्या वेळेपासून असे हसले नव्हते. दीना मावशी हसली, पाववाला हसला, मी तिथेच बर्फात बसून रडले. मग ते जवळ आले आणि बुटाचं टोक माझ्या बुटावर ठेवून दाबलं. एकदाच.

उद्या सकाळी निघतेय. मिलानला फोन केला, ते म्हणाले, बर्फामुळे दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. मी म्हटलं, नको, सात तारखेलाच. दीना मावशी रोज दुपारी बाबांकडे जेवायला येणार आहे. ती म्हणते, तिला असाच माणूस हवा होता, ऐकून न घेणारा नाही, ऐकूच न येणारा. बाबांनी ओठ वाचले आणि म्हणाले, "मग हिला अर्धंच जेवण मिळेल."

आता तुझं. काल संध्याकाळी मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं, "सेत्तिमिओला काय कळवू?" त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग सूर-खोलीतून आणलेली आपली टोपी खुंटीवरून काढली, झटकली आणि शेजारची रिकामी खुंटी पुसली. तुझी. तिच्यावर अकरा वर्षं काही टांगलेलं नाही.

ते तुला बोलावणार नाहीत. आणि त्यांना टेलिफोन ऐकू येत नाही, तेव्हा फोन करून सुटका करून घेऊ नकोस. पत्र लिही, त्यांच्या नावाने, घरच्या पत्त्यावर. मोठ्या अक्षरांत लिहायची गरज नाही. डोळे ठणठणीत आहेत त्यांचे.

तुझी,
लोरेत्ता